शेठ गहिवरले

मोहिनीने बाटलीचं झाकण फिरवलं आणि मान मागे घेतली. पावसात सापडून वेलीवरच सडलेल्या द्राक्षांचा वास. टेबलाखालच्या खोक्यांभोवती माश्या जमल्याच होत्या. त्यांना आमंत्रण लागत नाही.

"अहो, हे आंबलंय," ती शेजारी बसलेल्या नवऱ्याला हळूच म्हणाली.

"मुरलंय म्हण." गोरक्षशेठ कॅमेऱ्याकडे बघून हसत होते. "आणि हसत राहा."

सायखेड्याहून सायकलवर बाम विकत नाशकात आलेला हा माणूस शहाण्णव सालापर्यंत अंबडच्या औषध कारखान्याचा मालक आणि शिवाय दानशूर झाला होता. नांदगाव-नामपूरच्या दुकानदारांनी परत पाठवलेलं खोकल्याचं औषध नवी लेबलं लावून पेठ तालुक्यातल्या या पाड्यावर फुकट वाटायला आलं होतं.

"लहान पोरं पिणार आहेत हे."

"नाल्यात ओतलं तर प्रदूषणवाले येतात. इथं वाटलं तर हार येतो. तूच सांग."

हार आलेला होताच. झेंडूचा.

रांगेत पहिली कुसाबाई होती. कडेवर नातू, सोमा. खोकून खोकून त्याचे डोळे लाल झाले होते. मोहिनीने चमचा भरला, पण हात पुढे जाईना. कुसाबाईनेच चमचा शेठकडे वळवला.

"पयला तू घे."

"कुसा, शेठ हायेत ते," सरपंच चिमाजी खेकसले.

"मंग? आमचा भगत पयला आपुन घोट घेतो, पोराचं नाव घेतो, मंग पोराला पाजतो. भगतापेक्षा मोठा हाय का ह्यो?"

रांगेत हसू पसरलं. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला. "शेठ, घ्याच. पहिल्या पानावर येईल."

पहिलं पान म्हटल्यावर शेठनी चमचा नाकारला आणि बाटलीच तोंडाला लावली. मोठा घोट घेतला. आणि मग त्यांचा चेहरा थांबला. गाल फुगलेले, ओठ घट्ट, हसू मात्र जागच्या जागी. कंठ हलला नाही. डोळ्यांत पाणी तरारलं.

"शेठ गहिवरले," चिमाजींनी माइकवरून जाहीर केलं. टाळ्या झाल्या.

कुसाबाईने टाळी वाजवली नाही. "नाव घे आता. सोमा."

शेठनी बाटली टेबलावर ठेवून दोन्ही हात जोडले.

"हात नको. नाव."

शेठच्या ओठाच्या कोपऱ्यातून एक लाल ओघळ हनुवटीवर उतरला आणि हारात गेला. एक माशी त्याच्या मागोमाग गेली. शेठनी टेबलाखालून मोहिनीपुढे हात पसरला. रुमाल तिच्याकडे होता. तिने भरलेला चमचा अलगद टेबलावर ठेवला, रुमाल काढला, औषधाने चिकट झालेली स्वतःची बोटं एकेक करून पुसली आणि परत पर्समध्ये ठेवला.

"माइक द्या, चिमाजी."

चिमाजींना वाटलं, आभार.

"तुमच्या पाड्याची रीत आम्ही मोडणार नाही," मोहिनी म्हणाली. "शेठ आधी गिळतील, मग इथल्या एकेका पोराचं नाव घेतील. तोवर कुणाला थेंब मिळायचा नाही."

तिने चमच्यातलं औषध मातीत ओतलं, झाकण लावलं आणि खुर्ची शेठसमोर वळवून घेतली.

कुसाबाई सोमाला मांडीवर घेऊन खाली बसली. तिच्यामागे सगळी रांग बसली. शेठकडे बघत. कुणालाच घाई नव्हती.