लाल रेघेची कैफियत

मी एक लाल पेन. चौथीच्या बाईंच्या पर्समध्ये राहतो आणि खरं सांगू? पार वैतागलोय.

कारखान्यात माझ्या शेजारीच निळी पेनं तयार झाली. त्यांच्या नशिबी पत्रं आली, कविता आल्या. माझ्या नशिबी ऱ्हस्व-दीर्घ! दर शुक्रवारी बाई मुलांना गोष्ट लिहायला सांगत. पण सुरुवात फळ्यावर, तात्पर्यही फळ्यावर. मग काय, चाळीस वह्यांत तोच ससा आणि तेच जंगल. डोकं उठायचं.

एकदा मात्र खिडकीजवळच्या मुलीने सशाला हातच लावला नाही. तिने लिहिलं, 'आमच्या जिन्याला सतरा पायऱ्या होत्या. आजोबा आजारी पडले आणि त्या पस्तीस झाल्या.'

मी थबकलो. बाई कुठल्या थबकायला! 'सतराच. विषय सोडून लिहू नये.' आणि माझ्याच शाईने पानभर आडवी रेघ.

पुढच्या शुक्रवारी तिच्या वहीतही ससा आला. शुद्धलेखन चोख, गोष्टीत जीव नाही.

महिन्याभराने तिची आई शाळेत आली. "बाई, रोज धाकटीला गोष्ट सांगायची हो ही. आता दोन वाक्यं झाली की मला विचारते, 'आई, बरोबर आहे ना?' आणि गप्प बसते."

बाईंनी वही मागवली. मला हात न लावता ते पान वाचलं. मग मुलीला जवळ बोलावलं.

"पस्तीस कशा गं?"

मुलगी रेघेकडे बघतच म्हणाली, "आजोबा प्रत्येक पायरीवर दोनदा थांबतात."

"मग चौतीस झाल्या."

"पस्तिसावी दारातली. तिथे रोज म्हणतात, उद्यापासून खाली उतरणार नाही. आणि उतरतात."

बाईंनी तेव्हा कुठे माझं टोपण काढलं. माझी रेघ पुसली जात नाही, म्हणून त्यांनी तिच्याशेजारी लिहिलं, 'मग पुढे?'

तेव्हापासून माझे हाल विचारू नका. फळा कोरा असतो. पोरं सात-सात पानं लिहितात, त्यातल्या निम्म्या वेलांट्या उलट्या! 'कुठे?', 'कोण म्हणालं?', 'तुला काय वाटलं?' असं समासात विचारता विचारता मी मेटाकुटीला आलोय. शाई तळाला गेलीय.

उद्या-परवा मी केराच्या टोपलीत जाईन. जाऊ दे. माझ्या जागी जो येईल, त्याला एवढंच सांगा: बाबा रे, पोरांची गोष्ट संपेपर्यंत टोपण काढू नकोस.