कुनुगीहाराच्या फलाटावरची खूण

फुसाए हिराइवाने सकाळपासून तिसऱ्यांदा गेम चालू केला, आणि तिसऱ्यांदाही यादीत अझुसावा लाईनचं नाव दिसलं नाही.

"काय, गाडी लेट का?" पलीकडे सफरचंद सोलत बसलेला तिचा नवरा तोकुजी म्हणाला. मान वर न करता.

"तुम्ही सफरचंद सोला."

तोकुजीने जपानमधल्या शिन्शूच्या डोंगरातल्या त्या लाईनवर एकतीस वर्षं डिझेलची गाडी चालवली होती. फुसाए त्याच लाईनवरच्या कुनुगीहारा स्टेशनात तिकीट खिडकीवर बसायची. नऊ वर्षांपूर्वी प्रवासी नाहीत म्हणून लाईन बंद झाली, रूळ उखडले गेले. तेव्हापासून रेल्वेचा विषय निघाला की तोकुजी उठून शेजाऱ्यांच्या कोंबड्या बघायला जायचा. फुसाएचं तसं नव्हतं. ती गावच्या केंद्रात जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि एकाहत्तराव्या वर्षी आगगाडीच्या गेमची रसिक झाली. गेल्या आठवड्यात तिला कळलं, की कुवाबारा नावाच्या कुणीतरी अख्खी अझुसावा लाईन, बोगद्यांसकट, ॲड-ऑन म्हणजे गेमला जोडायचा भाग म्हणून बनवून सगळ्यांसाठी ठेवली आहे. तिने लगेच उतरवून घेतली. पण मिळणं वेगळं आणि चालणं वेगळं.

"सोबत सूचना असतील ना?" तोकुजीने विचारलं.

"आहेत."

"वाचल्यास?"

फुसाएने माऊस उगाच इकडून तिकडे फिरवला.

"एकतीस वर्षं मी हुकूमवही वाचल्याशिवाय गाडीत पाय ठेवला नाही," तो सफरचंदाला उद्देशून म्हणाला.

तिने मुकाट्याने सूचना उघडल्या. दुसऱ्याच ओळीत घोडं पेंड खात होतं. झिप उघडताना 'अझुसावा' फोल्डरच्या पोटात आणखी एक 'अझुसावा' फोल्डर तयार झाला होता, आणि गेम बिचारा बाहेरच्याच दारात शोधून परत जात होता. तिने आतला फोल्डर उचलून योग्य जागी ठेवला. यादीत नाव आलं! तिने टाळी वाजवली. नावावर क्लिक केलं, तर लाल अक्षरं उमटली: गाडी सापडली नाही.

"लाईन आहे, पण गाडीच नाही," ती म्हणाली.

"आमच्याकडे शेवटी उलटं झालं," तोकुजी म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्याला खुदकन हसला. लाईनबद्दल बोलून तो हसला, हे नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

गाडीचं ॲड-ऑन वेगळं उतरवायचं होतं. तेही झालं. मग लाईन उघडली खरी, पण डोंगर हिरवे आणि स्टेशनं चुन्यात बुडवल्यासारखी पांढरीफटक. फलाटाच्या जागी हवेत लोंबकळणारा एक दिवा. फोल्डरात बघितलं, तर निम्म्या फाइलींच्या नावांची पार खिचडी झालेली. आता मात्र फुसाएने हात टेकले आणि सूचनांच्या तळाशी दिलेल्या पत्त्यावर कुवाबाराला मेल लिहिली. खाली आपला फोन नंबर दिला.

दुपारी जेवणाच्या वेळी फोन आला. आवाज बाईचा होता. कुवाबारा मात्सुमोतो शहरातल्या एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची, आणि फोनवरही तिची सवय सुटली नव्हती.

"घाई नाही, हिराइवासान. आधी पाठीमागे बघा, म्हणजे मागचा फोल्डर. रिकामा केलात? छान. आता ती झिप मी सांगते त्या प्रोग्रामने उघडा. आपली जपानी नावं तुमच्या आधीच्या प्रोग्रामला वाचताच येत नाहीत. हळूच... हं, आता सोडा."

"सोडलं!"

पडद्यावर स्टेशनांना रंग चढला. छप्पर, बाक, तिकीट खिडकी, खिडकीतला पडदासुद्धा. फुसाएने त्या खिडकीवर बोट टेकवलं. तिने पटकन गाडी पुढे काढली. पुलाअलीकडे आपोआप भोंगा वाजला.

"चूक!" मागून आवाज आला. तोकुजी सुरीसकट उठून उभा होता. "तिथे भोंगा नाही. वळणाच्या आधी वाजवायचा. खाली शेतात बहिरे ओझावाबाबा असायचे."

"बहिऱ्यांसाठी भोंगा?" स्पीकरवर लावलेल्या फोनमधून कुवाबारा म्हणाली.

"त्यांचा कुत्रा बहिरा नव्हता ना! तो भुंकत त्यांच्या पायात यायचा, मग ते रुळापासून लांब व्हायचे. सरक गं जरा."

फुसाए सरकली. तोकुजीने खुर्चीत बसून पाठ सरळ केली, दोन बोटांनी कळा चाचपल्या आणि पुढचा सिग्नल बघून सवयीने मोठ्याने म्हणाला, "सिग्नल, पुढे चला!" गाडी छान चालली. कुनुगीहाराला मात्र थांबायची खूण ओलांडून तब्बल अकरा मीटर पुढे गेली. पडद्यावर शून्य गुण झळकले.

फुसाएने तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच. "अहो, माझ्या स्टेशनात शून्य!"

"खूण चुकीची आहे," तोकुजी लालबुंद झाला. "मी इथेच थांबायचो. डोळे मिटून थांबायचो."

"मी शेवटच्या वर्षीच्या फोटोंवरून मोजून ठेवलीय," कुवाबारा तितक्याच ठामपणे म्हणाली. "एक हातभरसुद्धा चूक नाही."

"बाई, गाडी मी चालवत होतो."

"आणि खूण मी मोजलीय."

फोन दोघांच्या मधे धरून फुसाए दोघांचंही ऐकून घेत होती. शेवटी ती म्हणाली, "कुवाबारासान, रविवारी सुट्टी आहे का तुम्हाला? या इकडे. फलाट अजून उभा आहे."

रविवारी कुवाबारा आली: चाळिशीची, ठेंगणी, हातात मोजपट्टी आणि खोक्यात बीनच्या गोड सारणाचे वाफवलेले मांजू. तिच्या मोटारीत बसताच तिने तोकुजीला पट्टा लावायला लावला. कुनुगीहाराच्या फलाटावर कमरेइतकं गवत वाढलं होतं. तोकुजी तरातरा पुढे गेला आणि बुटाने गवत बाजूला सारून ओरडला, "ही बघा!"

सिमेंटवर पिवळ्या रंगाचा पुसट पट्टा होता. अगदी त्याने सांगितला तिथे.

"आणि ही," कुवाबारा मागून म्हणाली. ती अकरा मीटर अलीकडे उभी होती. तिच्याही पायाशी पट्टा होता, जास्त ठळक.

फुसाएने कपाळावर हात मारला.

"अगंबाई! शेवटच्या वर्षी फलाटाची पुढची कड खचली, म्हणून खूण मागे आणली होती. कागद माझ्याच खिडकीत आला होता. मी तुमच्या हातात दिला होता, अहो, डब्याबरोबर."

तोकुजीने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली.

"म्हणजे शेवटचं वर्षभर तुम्ही चुकीच्या जागी गाडी उभी करत होतात?" कुवाबाराने अगदी परीक्षकाच्या सुरात विचारलं.

"लोक उतरत होते ना?"

"म्हणूनच ती मोरिशिता आजी रोज म्हणायची, की या फलाटाला पायरी फार उंच झाली!" फुसाए म्हणाली. तिघंही इतकी हसली, की तोकुजीला बाकावर बसावं लागलं.

मग तिथेच मांजू खाताखाता कामाची बोलणी झाली. ब्रेक लागायला अर्ध्या सेकंदाने उशीर होतो. तिसऱ्या बोगद्यात पाणी ठिबकायचं, त्याचा आवाज नाही. ओझावाबाबांचा कुत्रा नाही. तोकुजी सांगत गेला, कुवाबारा लिहीत गेली. सतरा चुका निघाल्या. तिला राग आला का, म्हणून फुसाएने चोरून पाहिलं. पण तिचा चेहरा सणाला घरी आलेल्या लेकीसारखा झाला होता. "सहा वर्षं मी फोटोंशी बोलत होते," ती म्हणाली. "खूण मात्र नवीनच ठेवणार हं."

"ठेवा," तोकुजी म्हणाला. "मी शिकेन."

परतताना मोटारीच्या मागच्या सीटवरून त्याने फोन लावला. मारुमोला. पूर्वी दोन डब्यांची गाडी होती तेव्हा हा त्याच्याबरोबर गार्ड असायचा. लाईन बंद झाल्यापासून त्यांचं फक्त नववर्षाचं कार्ड जायचं-यायचं.

"मारुमो, उद्या सकाळी दहाला घरी ये. अझुसावाची फेरी आहे. गार्ड नाहीये माझ्याकडे."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"प्यायलास का रे दुपारी?" मारुमोने विचारलं.

"नाही. ये तर खरं."

"शिट्टी आणू?"

"आण," तोकुजी म्हणाला.