मोटरसायकलच्या मागे दोन किलोमीटर

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. तुम्ही मला टीव्हीवर कधी पाहिलेलं नाही. पाहिलं असतं, तर माझ्या मेकॅनिकची नोकरी गेली असती.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पहिली दोन वर्षं मी एका बेकरीचे पाव पोचवले. तो खरपूस वास अजून माझ्या छतात कुठेतरी आहे, असं मला उगीच वाटतं. मग एका टीव्ही कंपनीने मला घेतलं आणि मागच्या फळ्या काढून टाकल्या. एक देखणा गडी मोटरसायकलवरून एकटाच दूरदूर भटकतो, असा त्यांचा कार्यक्रम होता. तो एकटा दिसावा म्हणून आम्ही नऊ जण त्याच्या मागेपुढे असायचो. सगळे त्याला हिरो म्हणत. मी त्याच्या दोन किलोमीटर मागे राहायचं आणि काही झालं तरी कॅमेऱ्यात यायचं नाही, असा हुकूम होता. माझी मागची दारं परक्या माणसासमोर उघडायलाही सक्त मनाई होती.

माझ्या पोटात काय नव्हतं? सुटी चाकं, ट्यूब, चेनचं तेल, गादी, उशा, कंबरेचं मलम आणि हिरोच्या मोटरसायकलची जुळी बहीण. हो, अगदी तशीच दुसरी मोटरसायकल. एक बिघडली की दुसरी पुढे जायची आणि घरी बसून तुम्हाला पत्ताही लागायचा नाही. मेकॅनिक रोज संध्याकाळी मोटरसायकल लख्ख धुवायचा आणि सकाळी तिच्यावर ब्रशने चिखल लावायचा, कारण खरा चिखल म्हणे कॅमेऱ्यात नीट दिसत नाही. मग धुतोस कशाला, असं त्याच्या बायकोने एकदा फोनवर विचारलं. त्याने फोन ठेवला आणि ब्रश उचलला.

हिरो वाईट नव्हता हं. चांगला मनमिळाऊ होता. पण तीस-चाळीस किलोमीटर झाले की त्याचे तळवे बधिर व्हायचे आणि तो माझ्यात येऊन आडवा पडायचा. टीव्हीवर मात्र तो मावळत्या सूर्याच्या दिशेने चाललेला असायचा. सगळं ओझं मी वाहायचं आणि टाळ्या मोटरसायकलला, याचं मला काही वाटत नसे. खरं सांगायचं तर थोडं वाटायचं.

पाचव्या वर्षी आम्ही एका उंच घाटावरच्या तळ्याकडे निघालो होतो. कॅमेरेवाले पुढे गेले होते. घाटाच्या पायथ्याशी चहाची टपरी होती. तिथे मेकॅनिकने माझ्यात पाणी भरायला मला थांबवलं. टपरीसमोर एक छोटी मोटरसायकल उभी होती. तिच्यावरचं सामान कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेलं होतं आणि चेन लोंबत होती. लोंबणारी चेन दिसली की आमच्या मेकॅनिकला राहवत नाही. तो लगेच खाली वाकला आणि बाकावर बसलेल्या नवराबायकोशी बोलू लागला.

नवरा टेलर होता. बायको त्याच्याच दुकानात काजबटणं करायची. सव्वीस वर्षांत त्यांचं दुकान सलग दोन दिवसांच्या वर कधी बंद राहिलं नव्हतं. आमचा कार्यक्रम पाहून काकूंनी या तळ्यापर्यंतच्या प्रवासाचा ध्यास घेतला, दोन वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे काकांनी पंधरा दिवसांसाठी शटर खाली ओढलं. आज सहावा दिवस होता. काकूंना बसवत नव्हतं. काकांचे तळहात सुजले होते. दोघांचे मोजे तीन दिवस ओलेच होते. आदल्या दिवशी ट्रकच्या वाऱ्याने गाडी रस्त्याच्या कडेला घसरली आणि काकांचं कोपर सोलवटलं. आता मोटरसायकल एका ट्रकमध्ये टाकून ते घरी परतणार होते. ट्रक अर्ध्या तासात यायचा होता.

तळं इथून फक्त चाळीस किलोमीटर आहे, असं मेकॅनिक म्हणाला. काकूंनी मान हलवली.

"आमच्या अंगात तेवढा दम नाही रे. टीव्हीतला तो मुलगा बघ, महिनोन्‌महिने एकटा फिरतो, कधी कण्हला नाही. आणि आम्ही सहाव्या दिवशीच हात टेकले."

काका कप ठेवायला उठले, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "आता हे पुन्हा कधी दुकान बंद करणार नाहीत. मी ओळखते यांना."

मेकॅनिकने डोकं खाजवलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि मग त्या दोघांना माझ्यामागे बोलावून माझी दोन्ही दारं उघडली.

आत गादीवर हिरो पालथा पडला होता. पाठीला मलम चोपडलेलं, पाय सुट्या चाकावर. तो गडबडून उठला आणि त्याने चादर ओढून घेतली. काकू एकदा त्याच्याकडे आणि एकदा जुळ्या मोटरसायकलकडे पाहत राहिल्या. दोन वर्षांचं त्यांचं स्वप्न आपण मोडलं, असं मला वाटलं.

"बाळा," काकू म्हणाल्या, "तुझंपण दुखतं?"

हिरोने थोडा विचार केला. "काकू, तुम्ही आज सकाळपासून किती आलात?"

"एकशे दहा किलोमीटर."

"मी अडतीस."

काका हसू लागले. सोललेलं कोपर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

मेकॅनिकने चेन आवळली, तेल दिलं, कोरडे मोजे दिले आणि दर तासाला उतरून पाय मोकळे करायला बजावलं. काकांनी माझ्या गादीतला एक तुकडा मागून घेतला. त्यांची कात्री आणि सुईदोरा सामानात होतेच. बघता बघता त्यांनी काकूंच्या सीटसाठी जाडजूड उशी शिवली. माझ्यासाठीपण एक होईल का, असं हिरोने लाजत विचारलं. तेवढ्यात ट्रक आला आणि रिकामाच पुढे गेला.

दोघं घाट चढू लागले. वळणावळणाने, थांबत, कण्हत आणि एकमेकांना चिडवत. मी नेहमीसारखी दोन किलोमीटर मागे होते. त्या दिवशी मात्र मला मागे राहण्याचा अभिमान वाटला.

आम्ही वर पोचलो, तेव्हा ते तळ्याकाठी बूट काढून बसले होते. दिग्दर्शक त्यांना बाजूला व्हायला सांगणार होता, पण हिरोनेच कॅमेरा दुसरीकडे वळवायला लावला. माझ्या दारांबद्दलही त्याने कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. तळ्याकडे पाहत काका म्हणाले, "पुढच्या वर्षी महिनाभर शटर खाली."

"लेखी द्या," काकू म्हणाल्या.

पुढे तो कार्यक्रम बंद झाला. मेकॅनिकने मला आपल्याकडे आणलं. आता मी त्याच्या गॅरेजच्या मागे उभी असते. इंजिन गेलं, एका आरशाचा पत्ता नाही, आणि उंदीर तर हक्काने राहतात. कुणी काचा पुसल्या तर बरं वाटेल, पण तक्रार नाही. लांबून आलेले मोटरसायकलवाले दुपारी माझ्यात आडवे होतात आणि मनसोक्त कण्हतात. त्यांच्यापासून लपवण्यासारखं आता माझ्यात काही नाही.

मित्रांनो, प्रवासाला निघालात तर गाडीची चेन बघा आणि आपल्या पाठीची काळजी घ्या. थांबावंसं वाटलं तर थांबा, त्यात कमीपणा नाही. आणि वाटेत कुणी हात टेकून बसलेलं दिसलं, तर त्याला उपदेश करू नका. तुमचंही दुखतं, एवढंच त्याला खरं खरं सांगा. तेवढ्यावर माणूस पुढचा घाट चढतो.