वाइनमधली कोंबडी

दादाला पोचवून आम्ही घरी आलो आणि मी सवयीनं फ्रीज उघडला. खालच्या कप्प्यात मोठं पातेलं, त्यावर ताटली आणि ताटली सरकू नये म्हणून तिच्यावर त्याचा पाना. आत लाल वाइनमध्ये कोंबडीचे तुकडे, गाजर, कांदा, तमालपत्र. आदल्या संध्याकाळी हे सगळं निगुतीनं भिजत घालून दादानं हात पुसले, खुर्चीत टेकला आणि गेला. त्रास झाला नसेल, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांना तेवढंच बोलता येतं.

माझा भाऊ फ्रीज दुरुस्त करायचा. एका हॉटेलचा बंद पडलेला फ्रीज त्यानं ऐन उन्हाळ्यात चालू करून दिला, तेव्हा तिथल्या फ्रेंच आचाऱ्यानं खूश होऊन त्याला हा रस्सा शिकवला. चिवट, म्हातारा कोंबडा वाइनमध्ये रात्रभर मुरवायचा आणि मंद आचेवर लोण्यासारखा करायचा. मी माहेरी येणार म्हटलं की हा बेत ठरलेला. या वेळीही मी त्यासाठीच निघाले होते, आणि पोचले ती त्याला खांदा द्यायला.

वहिनी रडली नव्हती. ती लोकांना चहा देत होती, दारातल्या चपला सरळ लावत होती. मीही रडले नव्हते. दात काढायच्या आधी गाल बधिर करतात ना, तशी मी आतून झाले होते. वहिनीच्या पोटात मात्र आदल्या दिवसापासून चहाशिवाय काही गेलं नव्हतं, आणि तिनं असंच अंथरूण धरलं तर काय, ही एवढी एकच भीती मला जाणवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातेलं बाहेर काढलं. हे आता टाकून देऊ, म्हटलं.

"हात लावू नकोस," वहिनी म्हणाली. "मी शिजवते. दोन घास खाईनसुद्धा."

खाईन म्हणाली, मग मी कशाला अडवते?

खरं तर दादा स्वयंपाक करताना कुणालाच आत येऊ द्यायचा नाही. वहिनी दारात उभी राहून बघायची, तेवढ्यावरच तिला सगळं पाठ होतं. तिनं तुकडे निथळून कोरडे केले, लोण्यात तांबूस परतले, थोडं पीठ भुरभुरलं आणि मुरवलेली वाइन वरून ओतली. मग गॅस बारीक करून आम्ही दोघी पातेल्याकडे बघत बसलो. घरभर वास सुटला. मला त्याचंही काही वाटलं नाही.

वहिनीनं सांगितलं, की ते भिजत घालतानाच मीठ घालायचे, पण त्यांचा हात फार हलका. पातेलं गॅसवर ठेवून ते आंघोळीला गेले, की ती हळूच आत यायची आणि अंदाजानं मीठ टाकायची. मग जेवताना दादा मिटक्या मारत म्हणायचा, मीठ कसं बेताचं पडलंय बघा. आणि वहिनी ताटात मान घालून हसायची.

"आज माझा हात नको," ती म्हणाली. "आज त्यांनी घातलंय तेवढंच."

शेवटी मशरूम टाकून तिनं गॅस बंद केला. दोन वाट्या भरल्या. एक घास खाल्ला आणि चमचा खाली ठेवला.

"अळणी आहे."

मी चाखून बघितलं. मीठ कमी नव्हतं. मीठ नव्हतंच.

वहिनी वाटीकडे बघत राहिली. "म्हणजे ते घालतच नव्हते," ती म्हणाली. तिचा हात मिठाच्या बरणीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

दादा सकाळी उठल्याउठल्या आंघोळ करायचा. मग पातेलं गॅसवर चढलं की पुन्हा एकदा. मी त्याला म्हैस म्हणून चिडवायचे. डुंबून झालं का रे, म्हणून बाहेरून ओरडायचे, तरी तो सावकाश, भरपूर पाणी वाजवत बसायचा.

मी उठले. "वहिनी, मी जरा हातपाय धुऊन येते."

तिनं वर बघितलं. मी तिच्याकडे न बघता बाथरूममध्ये गेले आणि दार लावून घेतलं. खुंटीवर दादाचा टॉवेल तसाच होता. मी नळ सोडला. पाण्याच्या आवाजातही बरणीचं झाकण उघडल्याचं ऐकू आलं, आणि मग तिचं रडणं. मी नळ आणखी मोठा केला. तिचं रडून होईपर्यंत, आणि माझंही, मी तो बंद केला नाही.