मैनाला काय चावलं

साजगावच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून समीक्षा खोपोलीला घरी आली, तेव्हा चाळीच्या ओट्यावर माणसं जमली होती. शेजारचा विलास टेंपोवाला हातात झुरळं मारायच्या औषधाचा डबा घेऊन तिच्या दारात उभा होता. आणि तिची आई सुंदरा चौकटीला दोन्ही हात लावून त्याला आडवी आली होती.

"आली बघा! हिचीच ती झुरळं. माझ्या बायकोला चावलीत," विलास ओरडला.

समीक्षाला आधी कळेचना. तिची झुरळं मोरीतली नव्हती. कर्जतच्या कॉलेजात असताना एका मैत्रिणीनं नोकरीसाठी गाव सोडताना काचेची पेटी तिच्या हवाली केली होती. मादागास्करची झुरळं, अंगठ्यापेक्षा जाड, बिनपंखांची. अंड्यांच्या पुठ्ठ्यांत लपून बसायची, गाजर-काकडी खायची. पेटीच्या आतल्या काठाला मलम चोपडलेलं, म्हणजे पाय घसरून बाहेर पडत नाहीत. उचललं तर पोटाच्या बाजूनं हवा सोडून फुस्स करायची, बस. लोक तेवढ्यानंच पळायचे.

एकटी मैना मात्र पळाली नव्हती. ती विलासची बायको. नवरा भाडं घेऊन गेला की ती पेटीपाशी येऊन बसायची. "चावतात का गं?" असं तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं. समीक्षानं तिला दाखवलं होतं, की वरून ओढायचं नाही, ती नखांनी घट्ट धरून बसतात, पाय तुटतो. समोर तळवा ठेवायचा, आपणहून चढतं. पायाचे काटे टोचतात, त्याला लोक चावणं म्हणतात. मैनानं तळवा ठेवला होता आणि झुरळ चढल्यावर लहान पोरीसारखी हसली होती.

आणि आता तिलाच चावलं?

"मैना! बाहेर ये," समीक्षानं हाक मारली. "कुठं चावलं ते दाखव सगळ्यांना."

मैना खाली मान घालून आली. विलासनंच तिचा हात ओढून पुढं केला. कोपराच्या आतल्या बाजूला डाग होते. सगळे गोल, सगळे एका मापाचे, कडेला काळसर, मधे ओले.

समीक्षाच्या डोक्यात रक्त चढलं. "हे चावल्याचं नाय," ती म्हणाली. "हे भाजलंय. सिगारेटनं."

विलासच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट सगळ्यांना दिसत होतं, पण सगळे दुसरीकडं बघायला लागले.

"मैना, काय चावलं तुला? सांग ह्यांना," विलास हळू म्हणाला.

"झुरळ," मैना पुटपुटली.

"ऐकलंत?" चाळमालक दशरथ पुढं झाला. "हे बघ समीक्षा, नवराबायकोच्या मधी आपण पडायचं नाय. पर तुजी ही ब्याद आजच्या आज बाहेर गेली पायजे."

"ब्याद झुरळं हायत का?" समीक्षा किंचाळली. "काका, तुमाला ते डाग दिसत नाय?"

तेवढ्यात विलासनं सुंदराला ढकललं. ती भिंतीवर आदळली. तो आत घुसला, पेटीचं झाकण उडवलं आणि औषधाची धार सोडली. पेटीतून असा फूत्कार उठला, की बाहेरच्यांनी कान झाकले. समीक्षानं पाठीमागून त्याचा शर्ट धरला, फाडला, डबा हिसकून भिंतीवर आपटला. पण उशीर झाला होता. झुरळं उलटी होऊन पाय झाडत होती.

तिनं पेटी उचलली आणि ओट्यावर आणून दशरथच्या पायाशी ठेवली.

"घाला हात. घाला काका, चावतंय का बघा." दशरथ मागं सरला. "विलास, तू घाल की! बायकोला चावलं ना? मग घाल हात!"

विलास हात मागं बांधून उभा राहिला. "घाण हाय ती," म्हणाला.

मग मैना पुढं आली. पेटीपाशी बसली आणि पुठ्ठ्याखालचं एक जिवंत झुरळ शोधून त्याच्यासमोर तळवा ठेवला. ते चढेना, तशी वाट बघत राहिली. चढल्यावर तिनं पदरानं त्याची पाठ पुसली.

"हे नाय चावत," ती म्हणाली. मग विलासकडं बोट केलं. "चावतो तो ह्यो."

विलास तिच्या अंगावर धावला. सुंदरानं दाराशी भरून ठेवलेली पाण्याची बादली उचलून त्याच्या गुडघ्यांवर फेकली, आणि तो घसरून पडला. मग कुठं बाकीच्या बाया हलल्या. त्या मैनाच्या भोवती उभ्या राहिल्या.

समीक्षा आणि सुंदरा मैनाला रिक्षात घालून आधी दवाखान्यात आणि मग पोलिसांत घेऊन निघाल्या. समीक्षाचा राग अजून उतरला नव्हता, आणि तो आता मैनावर होता.

"माझ्याच झुरळांचं नाव का घेतलंस गं? तुला म्हाईत होतं चावत नाय ते."

"डाग कसले म्हणून बाया विचारत होत्या," मैना म्हणाली. "ह्याचं नाव घ्यायची सोय नव्हती, आन दुसऱ्या कुणाचं घेतलं असतं तर ह्यानं त्याला मारला असता. म्हटलं, झुरळं मेली तर कोण रडतंय?"

"मी रडतेय!" समीक्षा ओरडली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. "मी रडतेय ना, दिसत नाय का तुला?"

सुंदरा म्हणाली, "पुरे करा आता दोघी."

तक्रार झाली. मैनाचा भाऊ रोहिदास संध्याकाळी येऊन तिला कर्जतला घेऊन गेला. विलास थोड्या दिवसांनी जामिनावर परत आला, आणि टेंपो पुन्हा त्याच जागी उभा राहायला लागला. त्याला कुणी खोली सोड म्हणालं नाही. दशरथनं खोली सोडायला सांगितली ती समीक्षाला. "चाळीचं नाव खराब झालं," म्हणाला.

"नाव झुरळांनी खराब केलं व्हय?" सुंदरानं त्याला विचारलं आणि सामान बांधायला घेतलं.

त्यांना साजगावात, कारखान्याजवळच दुसरी खोली मिळाली. वाचलेली चार-दोन झुरळं नव्या पेटीत होती, पण त्यांतलंही एक तिथं पोचल्यावर मेलं. मैनाचे फोन येत होते. समीक्षा ते वाजू द्यायची. एका दुपारी सुंदरानं वाजता फोन तिच्या हातात कोंबला.

"समीक्षा, केसची तारीख लागलीय," पलीकडून मैना म्हणाली. "तू येशील का गं साक्षीला?"

समीक्षाला अजून चीडच येत होती.

"येणार," ती तुटक म्हणाली. "पण तू तिथं परत झुरळ म्हणालीस ना मैना, तर मी तशीच उठून निघून जाईन."