अजून एकच प्रयोग

हॉटेल निवडताना मी आधी तिथली मोरी पाहते. भाची पीएचडीसाठी विद्यापीठं पाहायला लागली तेव्हा तिलाही हेच सांगितलं. ती हसली. "मावशी, हा रसायनशास्त्राचा विभाग देशात पहिला आहे. इतके शोधनिबंध दुसरीकडे निघतच नाहीत."

निघत असतील. पण अर्जाआधी विभाग डोळ्यांनी पाहायचा, असा हट्ट धरून मी सोबत गेलेच. तिला आई नाही, त्यामुळे नाक खुपसायचा हक्क माझा.

विभागप्रमुख गोड माणूस. जरा जास्तच गोड. ते तिला आत घेऊन गेले आणि मी भिंतीवरचे ग्रुप फोटो पाहत राहिले. दरवर्षीचा एक. मधोमध सर, भोवती विद्यार्थी. तिसऱ्या फोटोपाशी थबकले. डावीकडची वेणीवाली मुलगी पहिल्यातही होती. पुढच्यांतही तीच, नंतर चष्म्यासकट. शेवटच्या फोटोत तिचे केस पांढरे झाले होते. बाकीचे चेहरेही तेच. 

"कुणाला शोधताय?"

मागे तीच उभी होती, डागाळलेला ॲप्रन घालून.

"इथून शिकून गेलेली मुलं कुठे असतात हो?" मी विचारलं.

"जातील ना. माझा प्रबंध तर झालाच आहे. सर म्हणतात, अजून एकच प्रयोग, मग सही करतो." तिने दाराकडे पाहिलं. "मी आले तेव्हा म्हणाले होते, तुझ्याइतकी हुशार मुलगी माझ्याकडे आजवर आली नाही."

"मग सोडून का जात नाही?"

"इतकी वर्षं घातली. आता शेवटच्या पायरीवरून परत फिरू?"

इतके शोधनिबंध कुठून निघतात, ते मला कळलं.

दार उघडलं. भाचीच्या डोळ्यांत आनंदाने पाणी आलं होतं. "मावशी, अर्ज आता नुसता नावापुरता! सर म्हणाले, माझ्याइतकी हुशार मुलगी त्यांच्याकडे आजवर आली नाही."

मी तिचा हात धरला. "घरी चल. इथे नाही यायचं."

"तुला माझं चांगलं बघवतच नाही का गं?" तिने हात सोडवून घेतला.

"अहो, सांगा ना तिला!" मी त्या बाईला म्हणाले. रडकुंडीला आले होते मी.

तेवढ्यात सर दारात आले. "यंदाचा फोटो काढायचाच आहे. तूही उभी राहा, बेटा."

ती बाई एक पाऊल सरकली आणि डावीकडची आपली जागा तिने भाचीला करून दिली.