पिंजऱ्याखालचा फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाइल आहे आणि माझ्या डोक्यावर एक उंदीर राहतो. कारखान्यातून चकचकीत होऊन निघालो, तेव्हा नशिबात हे असेल असं वाटलं नव्हतं.

सुरुवातीची वर्षं मी एका संशोधक बाईंच्या पर्समध्ये काढली. त्यांच्या लेकीने पाढ्यांच्याही आधी माझा नंबर पाठ केला होता. पाहुण्यांसमोर तो घडाघडा म्हणून ती शाबासकी मिळवायची. पुढे माझ्या काचेला तडा गेला. बाईंनी नवा फोन घेतला, नंबरही नवा घेतला आणि जुन्या सिमसकट मला प्रयोगशाळेत आणलं.

फोनच्या लहरींचा मेंदूवर आणि वागण्यावर काही परिणाम होतो का, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून मला पंडित नावाच्या उंदराच्या पिंजऱ्याखाली ठेवलं. संगणक मला सारखे फोन करी. आवाज बंद, नुसता उजेड पडे. कोणी उचलायचं नाही, असा नियम होता. भूलभुलैयातून झटकन वाट काढणारा पंडित हळूहळू कोपऱ्यात बसून राहू लागला. लहरींमुळे, वयामुळे की नुसत्या कंटाळ्याने, ते बाईंनाही सांगता येईना. मलाही कशाचंच काही वाटेनासं झालं.

एका दुपारी माझ्यावर वेगळाच नंबर उमटला.

"मॅडम, फोन येतोय," पिंजरे साफ करायला नव्यानेच आलेले काका म्हणाले.

"येऊ द्या की. त्याचं कामच आहे ते," पंडितवरची नजर न काढता बाई म्हणाल्या.

तो नंबर विझला. पुन्हा उमटला, पुन्हा विझला. पंडितनेही मान वर केली नाही.

संध्याकाळी शाळेचे पहारेकरी लेकीला घेऊन थेट प्रयोगशाळेत आले. ती तापाने फणफणली होती. तिचा फोन बंद पडला होता आणि पाठ असलेला नंबर एकच होता, माझा.

"आई, शाळेच्या फोनवरून किती वेळा लावला! तू उचललाच नाहीस गं."

बाईंनी नवा फोन पाहिला. त्यावर काहीच नव्हतं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी मला पिंजऱ्याखालून ओढून काढलं.

मित्रांनो, लहरी मेंदूचं काय करतात ते बाई शोधतीलच. तुम्ही फक्त फोन कोणाचा आहे, एवढं बघत जा.

लेकीने आता नवा नंबर पाठ केलाय. तरी मी उजळलो की बाई हातातलं काम टाकून धावत येतात. फोन संगणकाचाच असतो.